लाजते जराशी!

सावद्याचे रुपचंदभाऊ मोठे शहाणे गृहस्थ. केळीच्या पानावर बोटभर डाग दिसला, की तज्ज्ञाला गाडीत घालून थेट मळ्यात आणणारे. पोटच्या पोरीचा दमा मात्र त्यांनी कपाटात कुलूपबंद करून ठेवला होता!

मयुरीला जळगावच्या डॉक्टरांनी रोज सकाळ-संध्याकाळ ओढायचा पंप दिला होता. वर्षभर तिला काही त्रास नव्हता. धुळ्याची मंडळी बघायला येणार असं ठरलं आणि भाऊंनी पंधरा दिवस आधीच तो पंप काढून घेतला.

"पंप विहिरीवर शोभतो, नही तं फवारणीले," भाऊ म्हणाले. "पोरीच्या तोंडात पंप पाह्यला तं पसंत कोन करीन?"

"बाबा, डॉक्टरनं सांगितलं, मनानं बंद करू नको."

"त्याच्यात स्टेरॉइड असते! एकदा लागलं का सुटत नही. अन् गावात बोंब झाली तं?"

एरवी ज्या गावाला भाऊ हिंग लावून विचारत नसत, त्याच गावाच्या धाकाने ते पोरीचा श्वास पणाला लावायला निघाले. याला म्हणायची इभ्रत!

पाहुणे आले. अंगणात कपाशीच्या वाळक्या काट्या पेटवून भरिताची वांगी भाजायला घातली होती. धूर घरात शिरला. चहाचा ट्रे घेऊन आलेली मयुरी दारातच थांबली. छातीतून शिट्टी वाजू लागली, ओठ निळसर पडले, तोंडातून शब्द फुटेना. आणि भाऊ पाहुण्यांना हसून काय सांगतात?

"लाजते जराशी!"

ट्रे खाली पडला. आवाज ऐकून शेजारच्या हमीदा सिस्टर धावत आल्या. "लाजत नाही, भाऊ, गुदमरतेय ती! रोजचा पंप कुठे तिचा? गाडी काढा आधी!"

दवाखान्यात ऑक्सिजन लावला, वाफेतून औषध दिलं. तासाभराने पोरीचा श्वास जरा मोकळा झाला. मग हमीदा सिस्टर भाऊंकडे वळल्या.

"केळीला ठिबक कशाला लावलं तुम्ही? सगळं वावर भिजवायला?"

"नही. मुळाशीच पानी पडावं म्हनून."

"पंपातलं औषधही तसंच आहे. जिथे सूज, त्या श्वासनळीतच पडतं, तेही थोडंसं. ओढल्यावर चूळ भरायची, डॉक्टरांना दाखवत राहायचं, बस! ते रोज घ्यायचं, म्हणजे आजच्यासारखी वेळ येत नाही. झाडाचं कळतं तुम्हाला, भाऊ, पोरीचं कळत नाही?"

तेवढ्यात भाऊंचा फोन वाजला. धुळ्याच्या मुलाचे काका, प्रेमराज, बोलत होते.

"पोर पसंत शे आमले. पन तो पंप तेवढा बंद करना पडी. लोकं काय म्हनतीन?"

अगदी भाऊंचंच बोलणं! दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा ते किती हलकट वाटतं, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. खाटेवर मयुरी मास्कवरून डोळे मोठे करून त्यांच्याकडे बघत होती.

"पंप बंद व्हनार नही," भाऊ मोठ्याने म्हणाले, "अन् तुमचं घर आमाले पसंत नही!"

मंडळी, आजारात लाज कसली? लाज वाटायला हवी ती औषध लपवणाऱ्याला. ज्या घरात आपल्या लेकीला मोकळा श्वासही चोरून घ्यावा लागेल, त्या घराचा उंबरा तिला दाखवूच नका!