नावापुढची खूण

सात वाजायला सहा मिनिटं होती आणि आठशे मीटर पोहण्याच्या शर्यतीच्या यादीत एकाच नावापुढे खूण नव्हती. जोव्ही. कोच देल्फिनची नात! नेनिताने नाव पुन्हा वाचलं आणि तिला अगदी आतून बरं वाटलं.

इलोइलो शहरातल्या तलावावरचा नियम साधा होता. पोहणाऱ्याने आल्या आल्या नेनिता बसली होती त्या टेबलाशी यायचं आणि स्वतःच्या हाताने नावापुढे खूण करायची. सातला यादी बंद. खूण नसली की नाव कापायचं आणि लेन दुसऱ्याला द्यायची.

सोळा वर्षांपूर्वी इथे देल्फिन बसला होता. गिमारास बेटावरून पहाटेच्या होडीने आलेल्या नेनिताला तो म्हणाला होता, "जा पोरी, अंग मोकळं कर. तुझी खूण मी करतो." आणि मेल्याने नाव कापलं! लेन गेली त्याच्याच क्लबच्या मुलीला. कॉलेजच्या संघाची निवड त्याच शर्यतीतून होणार होती. कॉलेज हुकलं आणि नेनिताने पुढची चार वर्षं धक्क्यावर आंबे विकले.

तेवढ्यात देल्फिनच पाय ओढत आला. "बाई, आमच्या जोव्हीची खूण करून टाका बरं. ती कपडे बदलतेय."

त्याने तिला ओळखलंसुद्धा नाही. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"पोहणाऱ्याने स्वतः यायचं."

"अहो, वीस वर्षं मीच केलंय हे काम! एवढ्याशासाठी कसला नियम काढता?"

"कसं केलंत ते चांगलं ठाऊक आहे मला. चार मिनिटं राहिलीत, सर."

म्हातारा चपला फटफटवत निघाला. पळ, लेका, पळ! नेनिताने लाल पेनाचं टोपण काढून ठेवलं आणि घड्याळ समोर ओढलं.

अर्धं मिनिट उरलं असताना जोव्ही धावत आली. टोपी हातात, एका पायात चप्पल. "ताई, संपली का हो वेळ?"

मागून देल्फिन धापा टाकत म्हणाला, "आली ना ती? आता तुम्हीच करा खूण, तिला पाण्यात उतरू दे."

जा पोरी, मी करते. शब्द नेनिताच्या अगदी ओठांवर आले होते. तिने ते गिळले आणि निळं पेन पोरीच्या हातात दिलं.

"तूच कर."

जोव्हीने खूण केली.

"आणि ही खूण कधी दुसऱ्यावर सोडू नकोस. तुझ्याएवढी असताना मला एकाने 'मी करतो' म्हणून सांगितलं आणि याच टेबलावर माझं नाव कापलं. गिमारासची नेनिता मी. तो कोण होता, ते आजोबांना विचार."

देल्फिनचा चेहरा पांढराफटक पडला. जोव्ही त्याच्याकडे वळली. "कोण होता हो, आजोबा?"

सात वाजले. नेनिताने यादीखाली रेघ ओढली.

"सांगा ना, सर," ती म्हणाली. "शर्यतीला अजून वेळ आहे."