नर तेवढे जगत्यात

माझ्या पोरानं नागसेनाचा हात मोडला, तवा म्या चार पावलांवर उभी व्हते आणि गप व्हते. आधी हे सांगते, मग बाकीचं. माझी जीभ तिखट, हे साऱ्या गावाला ठावं. सगुणाबाई दारात आली की कुत्रीबी अंगण सोडत्यात. आणि नेमकी त्या सकाळी माझी जीभ टाळ्याला चिकटली.

आमचं गाव भोरपासनं तासाभराच्या वाटंवर, डोंगराला धरून. समद्यांचा आंबेमोहोर. त्या भाताला लागतो खोडकिडा. पिवळट पाखरू पानावर अंडी घालतं, अळी खोडात शिरती, आणि लोंबी नुसती पांढरी फटक, आत दाणा न्हाई. औषधं मारून मारून ओढ्यातले खेकडे मेले, पण ह्यो मुडदा काय मरंना.

मग पुण्याच्या एका संस्थेनं खोऱ्यात नवा प्रयोग लावला. त्यावर माणूस नेमला तो आमच्याच बौद्धवाडीतल्या आक्काबाईचा नागसेन. भोरच्या कॉलेजात शिकलेलं पोरगं, बोलायला गोड. पंचायतीपुढं समद्यांना बसवून त्यानं सांगितलं, "आमी पाखरं मारणार न्हाई, उलट सोडणार. पण निस्ते नर. त्या नरांच्या बीजात लॅबमधी एक गुण घातलाय. ते रानातल्या मादीला लागले, की तिच्या पिल्लांतल्या माद्या अळी असतानाच मरत्यात, नर तेवढे जगत्यात. माद्याच न्हाईत तर पुढं अंडी घालंल कोण? चार हंगामात किडा कमी."

"नर तेवढे जगत्यात?" गावातला टवाळ सोमनाथ मागनं वरडला. "मग आमालाबी दे की त्यातलं थोडं!"

समदी सभा हसली. म्या न्हाई हसले. माझी सून स्नेहल तवा तिसऱ्या महिन्यात व्हती. पदरात दोन पोरी. हनुमंत माझा एकुलता एक. त्याच्यामागं दिवा लावायला कोण, ह्या इचारानं मला घास गिळंना. तुमी म्हणाल, बाई असून असं बोलती. बोलते. माझ्या सासूनं मला तीन पोरींपायी उंबऱ्याबाहेर निजवलं व्हतं. त्या तिघीतली एकबी जगली न्हाई, आणि हनुमंत झाला त्या दिशी मला पहिल्यांदा तूपभात मिळाला. तो तूपभात म्या इसरले न्हाई.

दुसऱ्या दिशी म्या नागसेनाला शाळंमागच्या खोलीत गाठलं. तिथं त्याचे जाळीचे पिंजरे आणि पुठ्ठ्याची खोकी. खोक्यात ओल्या कापसावर कोष मांडलेले, तांबूस, शेंगदाण्यापेक्षा बारीक. त्यातनं पाखरू निघालं की तो त्याला वळखायला गुलाबी भुकटी लावायचा आणि सकाळी बांधावर सोडायचा.

"नागसेना, खरं सांग. हे माणसाला चालतं का?"

तो आधी हसला. मग माझं तोंड बघून हसायचा थांबला. "मावशी, ते पाखराचं हाय. माणसाच्या पोटाशी त्याचा काय संबंध? आणि अशी पोरगी मारणारं काय असतं ना, तर म्या ते पहिलं जाळलं असतं."

मला वाटलं, लबाड. शिकल्यात न्हवं, आता गुण आपल्यापाशी ठेवणार आणि आमाला ज्ञान शिकवणार. तो पिंजऱ्याकडं वळला, तशी म्या दोन मुठी कोष पदरात बांधले आणि "येते रं बाबा" म्हणून निघाले.

घरी तव्यावर परतले. शेंगदाण्यावाणीच वास सुटला. पाट्यावर वाटले, डिंक, खोबरं, गूळ घातला आणि पाच लाडू वळले. सकाळी हनुमंत भाताकडं गेल्यावर स्नेहलला एक दिला. "खा गं, ताकद येती." ती म्हणाली, "आई, कडवट लागतंय." म्हणलं, "मेथी हाय. खा गुमान."

अंगणात तवाच नागसेनानं सोडलेली दोनचार गुलाबी पाखरं आलेली. स्नेहल त्यांना पदरानं हाकलत व्हती, आणि हाकलता हाकलताच खाली बसली. आधी अंग खाजवाया लागली. मग गळ्यावर, हातावर गांधी उठल्या. ओठ सुजले, डोळे मिटत आले. आणि मग छातीतनं अशी शिट्टी वाजाया लागली, की माझी नात राजनंदिनी किंचाळत बापाला आणाया पळाली.

हनुमंत आला, त्याच्यामागं सोमनाथ आणि पाचसहा गडी. सोमनाथानं तिच्या पदरावरचं गुलाबी पाखरू चिमटीत धरलं. "बघ! ही त्या नागसेनाचीच! इखारी पाखरं हाईत ही!"

झालं. कुणी इचारलं न्हाई, हिनं काय खाल्लं, काय पिलं. म्या तुमाला खरं सांगते, नागसेन आमच्यातला असता तर आधी इचारलं असतं, मग मारलं असतं. तो बौद्धवाडीतला. त्याला आधी मारलं.

हनुमंतानं कुदळीचा दांडा उचलला. स्नेहलला बाजंवर घातलं आणि गड्यांनी बाजंसकट शाळंपाशी आणलं, "तुझं कर्म बघ" म्हणून त्याला दाखवाया. म्या बाजंला धरून. नागसेन पिंजरा धूत व्हता. "काय झालं?" म्हणत पुढं आला, आणि पहिला दणका त्याच्या तोंडावर बसला. दोन दात रक्तासंगं मातीत पडले. कुणीतरी कमरेत लाथ घातली. तो पालथा पडला, तरी मान वळवून बाजंकडंच बघत व्हता.

"काय खाल्लं हिनं?" तो वरडला. तोंडातनं नीट शब्द निघंना. "कोष खाल्ला का? सांगा कुणीतरी! कोषानं एखाद्याचा घसा सुजतो! माझ्या पेटीत सुई हाय त्याच्यावर!"

"वर सुई टोचतो व्हय रं!" हनुमंतानं दांडा उगारला. नागसेनानं उजवा हात आडवा धरला. वाळलं लाकूड मोडावं तसा आवाज झाला.

मला समदं कळलं व्हतं. त्यानं कोष म्हणल्या म्हणल्या कळलं. तोंड उघडायचं, एवढंच काम व्हतं. पण मनात काय आलं म्हणाल? आलं, की माझा पोरगा मला काय म्हणंल. गाव काय म्हणंल. आणि हेबी आलं, की हिला आपसूक बरं वाटंल, थोडं थांबावं. म्या थांबले. तेवढ्यात त्याच्या बरगडीत अजून तीन दणके बसले. स्नेहलची शिट्टी बारीक व्हत चालली, ओठ निळे पडले.

सोमनाथानं पिंजरे लाथेनं मोडले, खोकी फाडली, मोटरसायकलीतनं पेट्रोल काढून खोलीत शिंपडलं आणि खिशातनं काडेपेटी काढली. पेटी खोलीतच व्हती. सुई पेटीत व्हती.

"म्या दिलं!" म्या वरडले. "थांबा रं मुडद्यांनो! म्या चोरले कोष, लाडवात घालून म्याच खाऊ घातले! पोरगा व्हावा म्हणून!"

गड्यांच्या लाथा थांबल्या. हनुमंत माझ्याकडं वळला आणि तोच दांडा त्यानं माझ्या खांद्यावर हाणला. म्या गुडघ्यावर आले. त्याचं मला काय वाटलं न्हाई, तो दणका माझ्या हक्काचा व्हता. तशीच उठले, सोमनाथाच्या हातातली काडेपेटी हिसकली, आत शिरले. पेट्रोलच्या वासानं डोळं उघडंना. फळीवरनं पत्र्याची पेटी खेचली आणि नागसेनापुढं आणून टाकली.

त्याचा उजवा हात मनगटाखाली लोंबत व्हता. डावा चिखलात दाबून तो कसाबसा बसला. ज्यानं मार खाल्ला त्यालाच आता इचारायचं, दुसरं व्हतं कोण?

"मावशी, तुमीच टोचा. टोपण काढा. मांडीच्या बाहेरल्या अंगाला, लुगड्यावरनंच. भिऊ नका. दाबा. दहा मोजा."

म्या टोचली. दहा मोजताना मला सातच्या पुढं आठवंना, ते त्यानं मोजले, रक्त थुंकत.

थोड्या येळानं स्नेहलनं लांब श्वास घेतला. मग दुसरा. राजनंदिनी तिच्या पायाला मिठी मारून रडाया लागली. आणि गडी? एकेक करून असे पांगले, जसे कधी आलेच न्हवते. हनुमंत तिथंच दांडा धरून उभा.

टेम्पो आला. एका अंगाला स्नेहल, दुसऱ्या अंगाला नागसेन, आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन आक्काबाई. ती पळत आली व्हती, पायात चप्पल न्हाई. म्या त्याचा लोंबता हात धरू गेले, गचके बसू नयेत म्हणून. आक्काबाई म्हणाली, "सगुणाबाई, हात लावू नका." वरडली न्हाई, शिवी दिली न्हाई. म्या हात मागं घेतला आणि भोर येईस्तवर तो माझ्या मांडीवर पडून राहिला.

दवाखान्यात हवालदार आला. गाव आधीच बोलून बसलं व्हतं, पोरगं बांधावरनं घसरलं म्हणून. हवालदारानं मला इचारलं. आपलेच दात, आपलेच ओठ. पण म्या एकदा तोंड उघडलं व्हतं, आता मिटंना. "माझ्या हनुमंतानं मारलं," म्हणलं. "सोमनाथानं पेट्रोल टाकलं. आणि इख म्या घातलं. लिवून घ्या."

नागसेनाच्या हातात दोन सळ्या घातल्या. डॉक्टर म्हणाले, बोटं वळतील का न्हाई ते पुढं बघू. स्नेहलच्या पोटातलं बाळ बरं हाय म्हणाले. ते ऐकून म्या भिंतीला टेकून रडले, आणि पोरगा का पोरगी हे त्या येळी माझ्या ध्यानातबी आलं न्हाई. शपथेवर सांगते.

तिसऱ्या दिशी स्नेहलचा बाप वेल्ह्यावरनं जीप घेऊन आला. तिचा आवाज अजून घोगरा. तिनं बापाला पोरींसंगं भायेर थांबवलं आणि मला खाटंपाशी बोलवलं.

"आई, तुमी खरं बोललात म्हणून म्या जिती हाय," ती म्हणाली. "आता अजून एक खरं सांगा."

हे म्या मगाशी सांगितलं न्हाई, लपवलं. दोन वर्सांमागं तिचं पोटातलं एक चौथ्या महिन्यात गेलं व्हतं. समदे म्हणाले, पाणी भरताना घसरली.

"तवा तुमी मला रोज पहाटं काढा देत व्हता. त्यात काय व्हतं?"

म्हणता आलं असतं, सुंठ व्हती. पण खरं तेच सांगितलं. काढ्यातल्या मुळीचं नाव सांगितलं, ती कुणी दिली, पोरगाच ऱ्हातो म्हणून कशी सांगितली, किती दिस पाजली, समदं सांगितलं.

"आणि ते त्यानंच गेलं, हे तुमाला कळलं व्हतं?"

"त्याच दिशी कळलं व्हतं."

तिनं मान हलवली. रडली न्हाई. उशाची पिशवी उचलली, चपला घातल्या, भायेर जाऊन दोन्ही पोरींचे हात धरले आणि बापाच्या जीपमधी जाऊन बसली.