कालुबाच्या बँडची गायिका

हॉलंडहून योरिस नावाचा पोरगा खाणींच्या गावात, चिंगोल्यात, आमचं घर शोधत आला आणि आमच्या यांना 'सर' म्हणाला, तेव्हा मला वाटलं, याचा पत्ता चुकलाय. खाणीतून निवृत्त झाल्यापासून यांना कोंबड्यांशिवाय कुणी मान देत नव्हतं.

त्याला यांची जुनी रेकॉर्ड पुन्हा काढायची होती. तरुणपणी माझा धाकटा भाऊ कालुबा आणि आमचे हे, मुबांगा, यांनी बँड काढला होता. कालुबा गायचा. यांची गिटार डब्यात कोंडलेल्या गांधीलमाशीसारखी भणभणायची, आणि पोरांना नेमकं तेच आवडायचं. एकच रेकॉर्ड निघाली, थोडी खपली, लोक विसरले. पुढे ज्याचं नाव कुणी घेत नसे त्या आजारानं गल्लीतली कितीतरी तरणी माणसं नेली, त्यांत कालुबा गेला, मागोमाग त्याची बायकोही. त्यांची मुलगी मापालो तेव्हा रांगत होती. तिला आम्ही वाढवलं.

"सर, तिसऱ्या गाण्याच्या शेवटी एक बाई मंत्रासारखं काहीतरी म्हणते," योरिस म्हणाला. "आमच्याकडे त्यावर वाद चालतात. काहीजण म्हणतात, ती पूर्वजांना हाक आहे. ही गायिका कोण?"

यांनी चेहरा गंभीर केला. "तो फार खोल विषय आहे."

"किती खोल ते मलाही कळू दे," मी आतून म्हणाले आणि हात पुसत बाहेर आले.

योरिसनं फोनवर गाणं लावलं. भणभण ओसरली आणि माझाच कर्कश आवाज आला: 'न्शिमा निवली. आता काय दगड खाणार?'

मला हसू आवरेना. रेकॉर्डिंगच्या दिवशी मी जेवायला मक्याच्या पिठाची गरम न्शिमा घेऊन गेले होते आणि यांचं काही आटपेना. टेप संपत आलेली, पुन्हा वाजवायची सोय नव्हती, म्हणून माझं ओरडणं तसंच राहिलं.

"काय म्हणते ती?" योरिसनं विचारलं.

"पूर्वजांनाच हाक आहे," मी म्हणाले. "त्यातले एक तुझ्यासमोर बसलेत."

मग खरं सांगितलं. पोरगा आधी हिरमुसला, मग माझ्यापेक्षा जास्त हसला. "मी तेव्हाच म्हणालो होतो, हिला आत घेऊ नका," हे म्हणाले.

"मग उपाशी वाजवलं असतं."

मूळ टेप योरिसला न्डोलात कुणाच्या तरी पत्र्याच्या पेटीत सापडली. काही महिन्यांनी नवी रेकॉर्ड आली. मागे छापलं होतं, 'गायिका: कांग्वा', आणि खाली यांचं नाव.

"मी तुमच्या वर आहे," मी दाखवलं.

"अक्षरांच्या क्रमानं आहे ते."

कळत्या वयात मापालोनं बापाचा आवाज कधीच ऐकला नव्हता. आमच्याकडची रेकॉर्ड कुणीतरी मागून नेली ती नेलीच. फोनवर तुकडा ऐकवायला मला जीव होईना, म्हणून रविवारी ती किट्वेहून आली तेव्हा कोपऱ्यावरच्या बारमधून प्लेअर उसना आणला. मापालो नर्स आहे, सहसा तिच्या डोळ्यांत पाणी येत नाही. ती गुडघे जवळ घेऊन बसली.

"आत्या, बाबा एवढ्या उंच पट्टीत गायचे?"

"बोलायचा तर त्याहून उंच. मीठ मागायला गेला तरी अख्खी गल्ली दाराशी यायची."

तिसरं गाणं संपलं, माझं ओरडणं झालं. जुन्या रेकॉर्डमध्ये तिथेच सगळं थांबायचं. या वेळी थांबलं नाही. टेपवर पुढे होतं ते योरिसनं राहू दिलं होतं. कालुबा हसत होता. आधी नाकातून, मग श्वास अडकेपर्यंत. हुबेहूब मापालो हसते तसं.

हे कोंबड्यांना दाणे टाकायला उठले. सकाळीच टाकले होते.

मापालोनं डोळे पुसले. इतकी वर्षं तिनं बापाबद्दल फारसं विचारलं नव्हतं, कदाचित मला त्रास होईल म्हणून. त्या दिवशी विचारत सुटली. काय खायचे, कुणाशी भांडायचे, आई कशी भेटली. किट्वेची बस गेली तरी तिला भान नव्हतं.

"नाचायचे का?" शेवटी तिनं विचारलं.

"नाचायचा," मी म्हणाले. "फार वाईट नाचायचा, बाळा. तुझ्या आईनं दयेपोटी होकार दिला."