चौकटीतली सदाफुली

सोलापुरात सात रस्ता चौकाजवळ एका दुचाकीनं रेश्माला उडवलं. तिला उचलून रिक्षात घातलं ते आसिफभाईंनी, आणि दवाखान्यात रक्त लागतंय म्हटल्यावर शर्टाची बाही वर सारून पुढं झाले तेही तेच. ओळख ना पाळख. हे सगळं तिला शुद्धीवर आल्यावर सासूबाईंकडून, म्हणजे गोजरबाईंकडून कळलं.

पायाला प्लास्टर घालून ती घरी आली, तेव्हा आसिफभाईंची मुलगी आयेशा गुलाब आणि शेवंतीचा गुच्छ घेऊन भेटायला आली. फुलं मलूल झाली तरी रेश्माला ती टाकवेनात. फुलं दाबून वाळवतात, त्यांची शुभेच्छापत्रं करतात, असं तिनं मोबाइलवर पाहिलं होतं. तिनं ती वर्तमानपत्रात घातली आणि सासूबाईंना वर पाटा ठेवायला सांगितला.

"फुलं वाटायची हायत का काय?" गोजरबाई म्हणाल्या. पण पाटा आणून ठेवला.

काही दिवसांनी उघडून बघितलं, तर शेवंतीला बुरशी आणि गुलाब काळाठिक्कर. रेश्मा रडवेली झाली. त्या माणसानं रक्त दिलं आणि आपल्याला त्याच्या लेकीची चार फुलंही धड राखता येईनात!

"आगं, जाड फुलं हायत ती. आत वल ऱ्हातीच की," गोजरबाईंनी समजूत घातली. "पापड आपण जाड लाटतो का? पातळ काय तरी घे."

दुसऱ्या दिवशी दव उडाल्यावर त्यांनी गच्चीवरच्या कुंड्यांतली सदाफुली नि एक गुलाब, शेजारची बोगनवेल आणि चिंचेची कोवळी डहाळी आणून दिली. रेश्मानं या वेळी गुळगुळीत कागद टाळला, साधा शोषून घेणारा घेतला. फुलं एकमेकांना टेकणार नाहीत अशी मांडली. गुलाब घेतला तो पाकळी पाकळी सुटी करून. कागद ओलसर लागला की गोजरबाई तो बदलायच्या, आणि मध्येच उचकटून बघणाऱ्या सुनेच्या हातावर चापटी द्यायच्या. सोलापूरचं ऊन एरवी जीव नकोसा करतं, पण त्या कोरड्या हवेनं काम सोपं केलं. फुलं कागदासारखी सपाट निघाली, रंग जवळजवळ तसाच.

पातळ केलेला डिंक तिनं बारीक कुंचल्यानं पाकळ्यांच्या मागं लावला आणि जाड कागदावर फुलं चिकटवली. दोन सदाफुल्या मोडल्या, तिसरी नीट बसली. काचेची चौकट करून घेतली. प्लास्टर निघाल्यावर काठी टेकत, गोजरबाईंचा हात धरून ती आसिफभाईंच्या घरी गेली.

आसिफभाईंनी चौकट हातात घेऊन उजेडाकडं धरली. "लई भारी केलंय, ताई. पण तुमाला माझं एकट्याचं रक्त न्हाय दिलं. माझ्या बाजूच्या खाटेवर अजून एक जण होता. होटगीकडचा, रेल्वेत काम करतो म्हणाला. नाव इचारायचं ऱ्हायलं. त्यानं रक्त दिलं, बिस्कीट खाल्लं आणि गेला."

घरी येताना रेश्मा गोजरबाईंना तेच तेच सांगत राहिली. आपण जिवंत आहोत त्यात अशा माणसाचा वाटा आहे, ज्याचा चेहराही आपल्याला माहीत नाही!

"मग त्येच्यासाठी बी कर की," गोजरबाई म्हणाल्या.

तिनं दुसरी चौकट केली, पहिलीपेक्षा सावकाश. ती घेऊन त्याच दवाखान्याच्या रक्तपेढीत गेली. तिथल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "रक्त देणाऱ्याचं नाव आम्हाला सांगता येत नाही हो," त्या म्हणाल्या. रेश्माचा चेहरा पडला, तसा त्यांनी चौकटीला हात घातला. "पण इथं लावू या ना. असे रक्त देणारे पुन्हा कधीतरी येतातच."

रक्त देणाऱ्यांच्या खाटेसमोरच्या भिंतीवर खिळा होताच. चौकट लागली. खाटेवर एक पोरसवदा माणूस हात लांबवून पडला होता, सुईकडं बघायचं टाळत होता. त्याची नजर भिंतीकडं गेली.

"खरी फुलं हायत व्हय ती?"

"खरीच," रेश्मा म्हणाली, आणि काठी कडेला ठेवून त्याच्याजवळच्या स्टुलावर बसली. "मुठीतला चेंडू दाबत राहा, मी सांगते कशी केली ते."