अंगठ्याचं पुण्य

विज्ञानाच्या बाईंच्या धाकट्या भावाला पोलीस घेऊन गेले. असो. तसं काही घडलंच नाही असं धरून आपण मंडपाकडे वळू. तिथं चमत्कार चालू आहे.

काचबाबांसमोर मुंगीला शिरायला जागा नव्हती. लाल फडक्याखाली काडेपेटीएवढी काच. तिच्यावर अंगठा टेकवायचा. हिरवी उजळली तर पुण्य, लाल उजळली तर पाप. त्याआधी ओळखपत्र बाबांच्या पायाशी ठेवायचं.

"ओळख सोडा, अहंकार गळेल!" बाबा गर्जायचे. गळलेला अहंकार मागं बसलेल्या शिष्याच्या लॅपटॉपात जमा व्हायचा.

लोकांचे अंगठे धरून टेकवण्याचं काम बाईंच्या भावाकडे. पदवी घेतल्यापासून घरात बसून त्याला भिंतीवरच्या भेगा पाठ झाल्या होत्या. इथं निदान पगार होता. उद्घाटनाचा पहिला अंगठाही त्याचाच.

"ताई, टेकव ना. बघ तरी!"

बाईंनी ओळखपत्र ठेवून अंगठा टेकवला. काच लाल झाली आणि दोनदा केकाटली.

"घोर पाप!" बाबांनी डोळे मिटले. "मागच्या जन्मी काय केलंत, बाई?"

"ते आठवत नाही. या जन्मी खडू धरला."

केकाटणं ओळखीचं होतं. शाळेतलं हजेरीचं यंत्र रोज सकाळी अस्संच बोंबलायचं. खडूनं कोरडा पडलेला अंगठा त्याला वाचता येत नसे. बाईंनी सवयीनं अंगठा केसांतून फिरवला, तेलकट केला, पुन्हा टेकवला.

काच हिरवी!

"जन्मोजन्मीचं पाप डोक्याच्या तेलानं गेलं," म्हणत बाईंनी फडकं ओढलं. खालून निघालेली वायर थेट लॅपटॉपात. पडद्यावर बाईंचं नाव, फोटो आणि 'नवीन सिमकार्ड मंजूर'.

"अहो, हे सिमकार्डाच्या दुकानातलं यंत्र आहे! तुमच्या नावावर नंबर निघताहेत. त्यांवरून म्हाताऱ्याकोताऱ्यांना लुबाडतील आणि पोलीस तुमच्या दारात येतील!"

मग मागून आरोळी आली, "बाई शुद्ध झाल्या! बाबांचा विजय असो!" सगळी रांग अंगठे डोक्याला घासू लागली.

बाई भावाकडे वळल्या. "तुला माहीत होतं?"

"नंबर काढतात एवढं माहीत होतं. कशाला, ते विचारलं नाही."

"का?"

"विचारलं असतं तर पुन्हा भिंत होती, ताई."

बाबा संध्याकाळीच काचेसह दुसऱ्या गावचं पाप मोजायला गेले. मग सुरुवातीला न घडलेलं घडलं. पहिल्या अंगठ्यावर निघालेल्या नंबरावरून एका निवृत्त नर्सला फोन गेला आणि तिची आयुष्यभराची पुंजी लुटली गेली. नंबरामागं भावाचं नाव होतं; पोलिसांना तेवढं पुरलं. बाबांचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. ओळख सोडण्यात ते खरोखरच पुढं होते.

तेव्हा मंडळी, काच उजळली की हात जोडण्याआधी वायर कुठं जाते ते बघा. पासवर्ड बदलता येतो. अंगठा जन्माचा.

बाईंचा अर्ज सायबर ठाण्यात शिक्का खाऊन पडून आहे: "सबब, माझ्या भावाचा उजवा अंगठा वापरापूर्वीच्या स्थितीत, कोरा करून, परत मिळावा, ही नम्र विनंती."