दरवानाचा कोट

वडील शिंपी होते. घराची पुढची खोली हेच दुकान. मशीनसमोरच्या भिंतीवर, शिवताना मान वर केली की दिसेल असा टीव्ही. त्यावर वर्षानुवर्षं एकच मालिका चाले: एका बड्या हॉटेलमालकाचं घराणं, त्यातली भांडणं, मृत्युपत्रं. मी तिचा एकही भाग पाहिला नव्हता. मी पुस्तकं वाचते, असं सांगत असे.

त्या शुक्रवारी त्याच मालिकेला फुटलेली नवी मालिका आली. नायक कोण, तर हॉटेलचा दरवान. जुन्या मालिकेत त्याने जन्मभर नुसती दारं उघडली होती. ही नवी इंटरनेटवर होती, म्हणजे मध्येच थांबवता येणारी. तिथेच घात झाला.

“उरलेल्या कापडाचं झबलं,” आई म्हणाली. “जुनं पाहिलं नाही त्याला ओ की ठो कळायचं नाही.”

“झबलं असलं तरी त्याला त्याच्या बाह्या असतात,” वडील म्हणाले. “नव्या माणसालाही कळेल. लाव पैज. ही कोरी पाटी आहे, हीच निकाल देईल.”

कोरी पाटी म्हणजे मी. मला स्टुलावर बसवण्यात आलं. दरवान पडद्यावर आला आणि वडिलांनी रिमोटने त्याला जागीच गोठवलं.

“हा मालकाचा सख्खा भाऊ. लहानपणी हरवलेला. कोणाला सांगू नकोस.”

“बाबा, मी कोणाला सांगणार?”

“तसं नव्हे. मालिकेतही अजून कोणाला माहीत नाही.”

मग एक बाई आली. तीही गोठली.

“ही मालकाची पहिली बायको. मेली होती.”

“मग?”

“आता बरी आहे.”

दरवानाने उघडायला घेतलेलं दार अर्ध्यावर राहिलं आणि आमचं जेवण गार झालं.

“बाबा, मला बघू द्या ना!”

“बघ की. मी कुठे अडवतोय?” असं म्हणून त्यांनी पुन्हा थांबवलं.

अर्धाच भाग झाला. “उरलेला उद्या,” ते म्हणाले. “मग सांग, कळतंय की नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी, कोणाच्या तरी पँटची कंबर वाढवत असताना ते गेले. कोणाला काही समजावून सांगायला त्यांना वेळ मिळाला नाही.

मावशी आमच्याकडे राहायला आली. आल्यागेल्यांची वर्दळ ओसरल्यावर एका संध्याकाळी आईने मशीनवर आच्छादन घातलं आणि रिमोट उचलला.

“पैजेचं राहिलंय,” ती म्हणाली.

मावशीही कोरी पाटीच. तिच्या घरी काकांच्या बातम्यांपुढे मालिकांचा निभाव लागत नसे. भाग पहिल्यापासून लावला. या वेळी कुणीच थांबवलं नाही. मावशी हसायच्या जागी हसत होती, रडायच्या जागी नाक ओढत होती. माझा मात्र पार गोंधळ उडाला. मालकाने अपमान केल्यावर दरवान एका खोलीच्या घरी गेला, आणि तिथे त्याचे म्हातारे आईवडील!

“यांनी त्याला सांभाळलं असणार,” मी म्हणाले.

“कोणाला?” मावशीने विचारलं.

“दरवानाला. तो मालकाचा सख्खा भाऊ ना? हरवलेला?”

मावशीने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. “अगं, आत्ताच तर त्याची आई म्हणाली, हा पायाळू जन्मला म्हणून! भाऊ कुठला? कोण म्हणालं तुला?”

“बाबा.”

आई एकदम हसायला लागली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, आणि मग तिला थांबता येईना.

“मशीन चालू असताना त्यांना ऐकू काय येणार, कपाळ? ते कपडे बघायचे! म्हणायचे, मालकाच्या आणि दरवानाच्या कोटाची कॉलर बघ, एकाच हातची आहे. हे सख्खे भाऊच.”

“आणि मेलेली बायको?”

“तिचा झगा पुढे दुसऱ्या नटीला घातला होता. त्यांनी झगा ओळखला, म्हणजे बाई तीच.” आईने डोळे पुसले. “इतकी वर्षं ते वेगळीच मालिका बघत होते. मी कशाला मोडता घालू?”

“मला तर सगळं कळलं बाई,” मावशी म्हणाली. “नव्या माणसाचं काही अडत नाही.”

“म्हणजे तेच जिंकले,” आई म्हणाली, आणि तोंड धुवायला आत गेली. मावशी तिच्यामागे गेली.

पुढचा भाग आपोआप सुरू झाला. आता मलाही सगळं कळत होतं. प्रत्येक जण आला की कोण, कुठला, ते दोन वाक्यांत सांगून टाकत होता. हरवलेलं कोणी नव्हतं. मेलेलं कोणी बरं होत नव्हतं.

मग एक नवा माणूस दारातून आत आला. लांब तपकिरी कोट, डावी बाही किंचित आखूड. तो तोंड उघडणार तोच मी रिमोटने त्याला गोठवलं. वडिलांना मी आपणहून कधी काही विचारलंच नव्हतं. त्याआधीच उत्तर यायचं.

मी मशीनकडे वळले.

“बाबा,” मी मोठ्याने म्हणाले, “हा कोण?”