सोर्बेत्तोचं पद

निवेसबाईंना डाव्या कानानं ऐकू येत नाही, हे आमच्या मंडळीत फक्त मला ठाऊक होतं. माझी लेक तेआ झाल्यापासून मला नको तितकं दिसतं. कुठल्या पायरीला कठडा नाही, कुणाच्या खोकल्यात कफ आहे, सगळं. तसंच हेही दिसलं. गाताना बाई प्रेक्षकांकडे बघतच नसत. रंगमंचाच्या पायाशी बसलेल्या चेलोवाल्याच्या गजाकडे बघत. गज उचलला की श्वास, टेकला की सूर. आणि तेआ त्यांच्या डाव्या खांद्यावर रडू लागली, तर बराच वेळ त्या नुसत्याच डोलत राहत.

ऑपेरा तीनशे वर्षांपूर्वीचा, एका मठाच्या कपाटात सापडलेला. राजा, दोन राण्या, विष, एक दाई. दाई निवेसबाई, धाकटी राणी मी. दोघींना एकेकच पद. त्यांचं पद म्हणजे मेलेल्या राजपुत्रासाठी दाईनं म्हटलेली अंगाई. बाई ते तेआवर घोटत, आणि तेआ दुसऱ्या ओळीलाच झोपे. त्यांच्या पाठोपाठ माझं पद. विंगेत तेआ माझ्या हातातून त्यांच्या हातात जायची. नवरा, दारिओ, आंकोनाच्या जहाज कारखान्यात, सासूबाईंचे गुडघे गेलेले, दुसरी सोय नव्हती.

एकोणीस महिने मला कुणी गायला बोलावलं नव्हतं. पहिल्या खेळाला तोरिनोहून पासिनेत्ती नावाचा एजंट येणार होता. त्यानं ऐकलं, आवडलं, तर पुढचं काही. नाहीतर सप्टेंबरपासून शाळेत पोरांना बासरी शिकवायची, असं दारिओशी बोलून ठरलेलं.

दहा दिवस राहिले असताना दिग्दर्शकानं, रुज्जेरोनं, मला बाजूला बोलावलं.

"तीन तास चाळीस मिनिटं! लोक मरतील गं. त्या काळी कोण एवढं गप्प बसायचं? दुय्यम गायिकेच्या पदाला सोर्बेत्तोवाले आत शिरायचे, लोक लिंबाचं बर्फ खात गप्पा मारायचे. आपण तसंच करू. दिवे चालू, ट्रे, काचेच्या वाट्या, चमचे. मजा येईल."

"कुणाच्या पदाला?"

"दुय्यम तर तुम्ही दोघीच." तो हसला. "तूच सांग."

"निवेसबाईंच्या," मी म्हटलं.

तो काही बोलला नाही. ही त्याची सवय आहे. गप्प राहतो, मग समोरचा माणूस जास्तीचं बोलतो. मीही बोलले.

"त्यांना त्रास नाही व्हायचा. डावा कान गेलाय त्यांचा. अर्धा गोंगाट त्यांना कळणारच नाही."

रुज्जेरो मान मागे टाकून हसला. "आई झाली की बाई मऊ होते म्हणतात!"

बाईंना त्यानं तालमीत सगळ्यांसमोर सांगितलं.

"अंगाई चालू असताना लोक खाणार?"

"त्या काळची रीत आहे, बाई."

"त्या काळी शुद्धीवर असताना दाढा उपटायचे. तेही करा मध्यंतरात."

सगळे हसले. मी तेआचं टोपडं नीट करत होते.

रविवारी दुपारी चारला खेळ. अडीचशे खुर्च्या भरलेल्या. मी तेआला घेऊन विंगेत उभी. अंगाई सुरू व्हायची वेळ झाली तसे दिवे लागले, आणि टोप घातलेले सहा ट्रेवाले रंगमंचाच्या कडेनं खाली उतरले. लोक खूश. चमचे वाजू लागले. ट्रेवाले नेमके कुठे थांबतील, याचा विचार मी केला नव्हता. त्यातला सगळ्यात उंच चेलोवाल्याच्या बरोबर पुढ्यात थबकला आणि बाजूच्या सज्जातल्या प्रेक्षकांना वाट्या देऊ लागला.

बाईंना गज दिसेना.

सूर चुकला. उशिरा लागला, मग पुढे पळाला, मग थांबला. बाईंनी मान डावीकडे लांबवली, उजवीकडे लांबवली, टाचा उंचावल्या. लोकांना दिसली ती ट्रेकडे डोकावणारी म्हातारी दाई.

"अरे, दाईलाही द्या एक!" मागून कुणीतरी ओरडलं.

थिएटर खदखदलं. उंच ट्रेवाल्याला चेव आला. त्यानं वाटी वर करून बाईंच्या हातात दिली. उरलेली अंगाई त्यांनी वाटी हातात धरून म्हटली, मेलेल्या राजपुत्रासमोर, गजाशिवाय, बेताल. टाळ्या थांबेनात.

विंगेत येऊन त्यांनी वाटी माझ्या हातात दिली आणि तेआला घेतलं.

"जा," त्या म्हणाल्या. "लोक रंगात आहेत."

मी चांगली गायले. लटका विनय करत नाही, खरंच चांगली गायले. पण चौथ्या रांगेतली पासिनेत्तीची खुर्ची रिकामी होती. त्याच्या बाहीवर सोर्बेत्तो सांडलं होतं, तो धुवायला गेला होता.

खेळानंतर तो ओली बाही झटकत आत आला. "ती दाई! काय अचूक वेळ साधली! अशी विनोदी नटी होती कुठे इतके दिवस?" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आणि आपण?"

"धाकटी राणी."

"हो, हो. छान."

रुज्जेरोनं बाईंचे दोन्ही गाल चुंबले. "बाई, रोज असंच! तो उंच पोरगा रोज तिथेच उभा राहील. आणि मार्झिया, तुझे उपकार! तू कानाचं सांगितलं नसतंस, तर यांचं पद निवडायचं मला धाडसच झालं नसतं."

निवेसबाई तेआचं तोंड पुसत होत्या. तोंड स्वच्छ झालं, तरी त्या पुसत राहिल्या. पुसत राहिल्या. मग तेआला माझ्याकडे देऊन कोट घालायला गेल्या.

गुरुवारी दुसरा खेळ. बाई येणार नाहीत असं मला वाटलं होतं. येऊ नयेत असंही वाटलं असेल. पण त्या आल्या. ठरल्या जागी चुकल्या, मान लांबवली, वाटी घेतली. हशा रविवारपेक्षा मोठा. विंगेत येऊन त्यांनी वाटी खाली ठेवली आणि हात पुढे केले. मी नेहमीसारखं तेआला त्यांच्या डाव्या खांद्यावर टाकू लागले.

"उजवीकडे दे," त्या म्हणाल्या. "डावी बाजू तू विकलीस."

मी दिलं. दुसरं कुणी नव्हतंच. माझ्या पदाचं वाजायला लागलं होतं.

तिसऱ्या ओळीला तेआ रडायला लागली. आधी कुरकुर, मग मोठ्यानं, बाईंच्या चांगल्या कानाला तोंड लावून. पुढच्या रांगा विंगेकडे वळून बघू लागल्या. कुणीतरी हसलं. मी नजर तिरकी केली. निवेसबाई माझ्याकडेच बघत होत्या, ओठ मिटून, संथ डोलत. अंगाईची एक ओळ पुरली असती. पद मोठं होतं, आणि पहिला भाग शेवटी पुन्हा म्हणायचा होता.

मी पुन्हा म्हटला.